वर १७९३, खाली १७९६ : दुबार छापलेलं रशियन तांबं कसं ओळखायचं आणि त्याचं मोल कसं ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात होते, १९७० च्या दशकात प्रशिक्षणासाठी सोव्हिएत युनियनमध्ये गेले आणि तिथल्या एका सहकाऱ्याने त्यांना तांब्याचं एक जाडजूड नाणं भेट दिलं. व्यास ४३ मिलिमीटर, वजन ४९.६ ग्रॅम. एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुट, मोनोग्राम (राज्यकर्त्याच्या नावाची गुंफलेली अक्षरं) आणि १७९३ हे साल. पण पानांच्या वेलीखाली पुसट ९६ दिसतं आणि गरुडाच्या पंखावर कुठली तरी वेगळीच अक्षरं. एका नाणेविक्रेत्याने तुम्हाला "छपाई बिघडलेली आहे, मोडीत घालण्यापलीकडे किंमत नाही" असं सांगितलं. इंटरनेटवर कुणी लाखाचा आकडा टाकला. आणि तुम्ही ते चिंच-मीठ लावून घासायच्या विचारात आहात.

आधी शेवटच्याचं बोलू : घासू नका. आजच नाही आणि नंतरही नाही. कारण पुढे सांगतो.

नाणं खोटं नाही आणि छपाईही बिघडलेली नाही. फोटोवरून आणि वजनावरून तुमच्याकडे जे आहे त्याला रशियन संग्राहक 'पाव्लोव्स्की पेरेचेकान' म्हणतात, म्हणजे सम्राट पॉल पहिला याच्या काळात दुबार छापलेलं पाच कोपेक. ते १७९७ च्या सुमारास टांकसाळीतून बाहेर पडलं. वरचं साल तेव्हाचं नाहीच. तुम्हाला जे कोडं वाटलं, तोच या नाण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे : खालच्या छापेवरचं साल वरच्या छापेवरच्या सालापेक्षा नवं आहे.

हे कसं घडलं ते समजायला अठराव्या शतकातल्या रशियाचा तांब्याचा हिशेब बघावा लागतो. मी नवशिक्यांना नेहमी चित्रांआधी हिशेब शिकवतो, कारण चित्रं झिजतात, हिशेब झिजत नाही. 'पूद' हे रशियन वजन म्हणजे १६.३८ किलो. सरकार ठरवायचं की एक पूद तांब्यातून किती रुबलांची नाणी पाडायची. रुबलाचे १०० कोपेक. १६ रुबलांचा दर असेल तर एका पुदातून १६०० कोपेक, म्हणजे पाच कोपेकची ३२० नाणी, म्हणजे एकेक नाणं ५१.१९ ग्रॅमचं. हाच दर दुप्पट करून ३२ रुबल केला, की त्याच ५१ ग्रॅमच्या तुकड्याची किंमत दहा कोपेक होते. तांबं वितळवायचं नाही, चकती नव्याने कापायची नाही. जुनं नाणं दाबयंत्राखाली ठेवून नवा ठसा हाणला की काम झालं. सरकारची गंगाजळी एका फटक्यात दुप्पट.

रशियाने हा खेळ शंभर वर्षांत अनेकदा केला, आणि अनेकदा उलटाही फिरवला. माझ्या दृष्टीने याचं सर्वांत सुंदर उदाहरण ५१ ग्रॅमच्या मोठ्या नाण्यात नसून २०.४८ ग्रॅमच्या लहान तुकड्यात आहे. पीटर द ग्रेटच्या अखेरच्या काळात, १७२३ पासून, ४० रुबलांच्या दराने पाच कोपेक पाडले जाऊ लागले. एका पुदात ८०० नाणी, प्रत्येकी २०.४८ ग्रॅम. मागे क्रूस असल्यामुळे त्यांना 'क्रूसाचे पंचे' म्हणू. बाजारात तांब्याचा भाव पुदाला दहा रुबलांच्याही खाली होता, त्यामुळे खोट्या नाण्यांचा महापूर आला. देशातून आणि देशाबाहेरून. १७३० मध्ये हे पंचे पाडणं थांबलं, पण बाजारातले कोण परत घेणार? सम्राज्ञी एलिझाबेथने १७४४ पासून हुकमाने त्यांची किंमत टप्प्याटप्प्याने उतरवत दोन कोपेकपर्यंत आणली. मग १७५५ मध्ये ८ रुबलांचा दर ठरवला : पुदात ८०० कोपेक, एक कोपेक २०.४८ ग्रॅमचा. अगदी तेच वजन! क्रूसाच्या पंचांवर ढगांतल्या गरुडाचा ठसा मारून त्यांचा एकेक कोपेक केला. दोनच वर्षांनी, १७५७ मध्ये, प्योत्र शुवालोव्हच्या योजनेनुसार दर १६ रुबल झाला आणि त्याच तुकड्यावर घोडेस्वार सेंट जॉर्ज आणून त्याचे दोन कोपेक केले. १७६२ मध्ये पीटर तिसऱ्याने दर ३२ वर नेला, तुकडा चार कोपेकचा झाला. तो सहा महिन्यांत पदच्युत झाला, त्याची पत्नी कॅथरिन दुसरी गादीवर आली आणि दर पुन्हा १६ वर. तुकडा पुन्हा दोन कोपेकचा.

पाच, एक, दोन, चार, दोन. चाळीस वर्षं, एकच तांब्याचा तुकडा, वजन जसंच्या तसं. सगळ्या पायऱ्या एकाच नाण्यावर वाचता येतील असं नाणं मी पाहिलेलं नाही, पण दोन पायऱ्या स्पष्ट दिसणारी पुष्कळ हाताळली आहेत. तिसरी अंधुक दिसली की मी अजूनही हातातलं काम बाजूला ठेवतो.

तुमच्या ५१ ग्रॅमच्या तुकड्याची कथा याच हिशेबाची. १७५७ पासून पाच कोपेक. १७६२ मध्ये पीटर तिसऱ्याने त्यावर एका बाजूला सेंट जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला ढोल-निशाणं छापून दहा कोपेक केले. कॅथरिनने ते लगेच पुन्हा पाचावर आणले. तिच्या शेवटच्या वर्षी, १७९६ मध्ये, तिजोरी रिती झाली होती आणि तिचा मर्जीतला प्लातोन झुबोव्ह याच्या योजनेनुसार परत तोच उपाय निघाला : जुन्या पाच कोपेकवर मुकुटाखालचा मोनोग्राम छापून दहा कोपेक. नोव्हेंबरमध्ये कॅथरिन वारली. पॉलने आईची योजना रद्द केली आणि १७९७ मध्ये या दहा कोपेकांवर पुन्हा पाच कोपेक छापायला लावले. त्यासाठी नवं चित्र काढलं नाही. आईच्याच कारकिर्दीतला जुना नमुना, जुन्या सालांसकट, वापरला. म्हणून १७९३ च्या खाली १७९६.

आणि लक्षात घ्या, ते १७९६ चं दहा कोपेक स्वतःच एखाद्या जुन्या पाच कोपेकवर छापलेलं असण्याची दाट शक्यता असते. म्हणजे तुमच्या हातात दोन नव्हे, तीन छापा असू शकतात.

आता ओळखायचं कसं. माझा क्रम ठरलेला आहे : वजन, कड, मग चित्र.

वजन कोपेकच्या आकड्याशी नव्हे, दराशी ताडून बघा. त्या काळी एकेक नाणं तोलत नसत, पुदातली नाणी मोजत. त्यामुळे पाच-सहा ग्रॅमचा फरक अगदी सहज असतो, तुमचं ४९.६ उत्तम आहे. पण ५ कोपेक ३५ ग्रॅमचं भरलं तर मी भिंगही उचलत नाही. उलट दहा कोपेक ६५ ग्रॅमच्या आसपास असेल तर घाबरू नका, ते सायबेरियाचं वेगळं चलन असू शकतं. कोलिवानच्या तांब्याचं, १७८१ पर्यंत चाललेलं, दर २५ रुबल. त्याची ओळख दोन सेबल प्राण्यांनी धरलेल्या ढालीवरून पटते.

कड बहुतेक लोक बघतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच लपलेली असते. कडेवरची नक्षी छापण्याआधी वेगळ्या यंत्रात चकती लाटून उमटवत. दुबार छापताना काही वेळा कड नव्याने लाटली, काही वेळा तशीच ठेवली. त्यामुळे जाळीच्या नक्षीवर दोरीसारखी तिरकी नक्षी चढलेली, किंवा जाळी अर्धी दबलेली दिसते. १७५५ ते ५७ च्या कोपेकांच्या कडेवर टांकसाळीचं नाव अक्षरांत लिहिलेलं असे. १७५७ च्या दोन कोपेकच्या कडेवर अशी अक्षरं आढळली तर ते नाणं कोपेकवर छापलं आहे असं धरून तपासणीला बसा. चित्रावर काहीही खूण उरली नसली तरी. नाणं बोटांत धरून कड दिव्यासमोर सावकाश पूर्ण फिरवा, आणि मोबाइलने कडेचा व्हिडिओ काढा. मी सल्ला देताना कडेचा फोटो नसेल तर शेवटचं मत देत नाही.

मग चित्र. नवा ठसा आदळतो तेव्हा त्याचा सपाट भाग आधी जुन्या नाण्याच्या उंचवट्यांना भिडतो आणि त्यांना चेपतो. जिथे नव्या ठशात खोल खड्डा आहे, तिथे धातू वर चढतो, पण अनेकदा खड्डा पूर्ण भरत नाही. म्हणून जुन्या छापेच्या खुणा दोन ठिकाणी हमखास शोधायच्या : नव्या चित्राच्या सर्वांत उंच भागावर, म्हणजे गरुडाची छाती, पंख, मोनोग्रामचे जाड फाटे यांवर, आणि काठालगत, जिथे दाब कमी पडतो. तुम्हाला पंखावर अक्षरं दिसली ती याच कारणाने. मोकळ्या सपाट जागेत चेपलेल्या अक्षरांची नुसती सावली उरते. ती समोरच्या उजेडात कधीच दिसत नाही. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च टेबलाच्या पातळीवर आडवी धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. बारा दिशांनी बारा फोटो काढा. पारदर्शक कागदावर दहा कोपेकच्या चांगल्या नाण्याचं चित्र त्याच मापात उतरवून आपल्या नाण्यावर फिरवत बसलं, की एका कोनात सगळे तुकडे जागेवर बसतात. त्या क्षणाचा आनंद मला तीस वर्षांनंतरही तेवढाच होतो.

एक सावधगिरी. नाण्यावरचे आकडे आपण ज्यांना इंग्रजी म्हणतो ते आहेत, आणि त्या लिपीतलं ९६ उलटं धरलं तरी ९६ च वाचलं जातं. तेव्हा खालची छाप सुलटी आहे की उलटी हे त्यावरून ठरवू नका, सात किंवा एखादं अक्षर शोधा.

तुमच्या नाणेविक्रेत्याने 'बिघडलेली छपाई' म्हटलं, त्याचाही विचार करू. ठसा दोनदा बसला तर तीच आकृती सरकून दुसऱ्यांदा दिसते : गरुडावर गरुड, नऊवर नऊ. मध्ये नाणं न ठेवता दोन ठसे एकमेकांवर आपटले असतील तर पुढच्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूच्या चित्राची आरशातल्यासारखी उलटी खूण येते. दुबार छापलेल्या नाण्यात मात्र तिसऱ्याच नाण्याचं चित्र दिसतं आणि ते आरशातलं नसतं, सरळ वाचता येतं. पंखावरची अक्षरं आरशात धरून वाचावी लागतात का, एवढंच तपासा. तुमची लागत नाहीत.

खालची छाप कोणती यावरून काळ ठरतो. पाच कोपेकखाली ढोल, निशाणांच्या काठ्या किंवा घोड्याचे पाय दिसले, तर ते पीटर तिसऱ्याचं दहा कोपेक, आणि वरचं साल साधारण १७६२-६३ च्या आसपासचं असतं. खाली मोनोग्रामवाल्या दहा कोपेकचे अवशेष असतील, तर पॉलचं काम. गरुडाच्या दोन बाजूंची अक्षरं टांकसाळ सांगतात. तुमच्या नाण्यावरची 'ये' आणि 'एम' म्हणजे येकातेरिनबुर्ग, आणि १७९३ साल असलेली तिथली नाणी पॉलच्या दुबार छापांमध्ये सर्वांत जास्त भेटतात.

नाशिककरांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. १९०६ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नहपानाची नाणी ती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारलेली. तिथे एका राजाने दुसऱ्यावरचा विजय नोंदवला, इथे मुलाने आईचा हिशेब खोडला. पण खालचा चेहरा शोधायची रीत दोन्हीकडे एकच, आणि माझी नजर आधी त्या चांदीवरच तयार झाली.

आता खोट्यांविषयी. मोठी रशियन तांब्याची नाणी आज सर्रास बनावट येतात, आणि दुबार छापेचंही सोंग करता येतं. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बारीक सुईच्या टोकासारखी छिद्रं आणि कडेवर सांध्याची रेघ असते, अक्षरांचे कोपरे साबणासारखे गोल. पण खऱ्या नाण्यावरून नवा ठसा बनवून पाडलेली नकल अधिक फसवी. अशा वेळी एक कसोटी मला कधी धोका देत नाही. खरं दुबार छापलेलं प्रत्येक नाणं एकमेव असतं, कारण जुनं नाणं ठशाखाली प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात पडलं. दोन नाण्यांवर खालच्या छापेच्या खुणा तंतोतंत त्याच जागी, त्याच कोनात असतील, तर दोन्हींकडे संशयाने बघा. निदान एक तरी नक्कीच नकल आहे. विकत घेण्याआधी त्याच सालाच्या विकल्या गेलेल्या नाण्यांचे फोटो याच नजरेने चाळा.

खोटी नसलेली, पण मूळही नसलेली दोन प्रकारची नाणी माहीत असावीत. एक म्हणजे 'नोव्होदेल' : टांकसाळीनेच पुढच्या काळात, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, श्रीमंत संग्राहकांसाठी नव्या चकत्यांवर पाडलेली. १८९० मध्ये ती बंद केली गेली. १७९६ च्या दहा कोपेकांत ती बरीच आढळतात. फार गुळगुळीत, फार नेटकं आणि खालच्या छापेचा मागमूस नसलेलं १७९६ दिसलं तर हा विचार आधी करा. दुसरी म्हणजे स्वीडनची. १७८८ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात गुस्ताव तिसऱ्याने आवेस्ताच्या टांकसाळीत रशियन पाच कोपेकची नकल पाडली, प्रामुख्याने १७८७ साल घालून. त्यांवरचे मुकुट रशियन नसून स्वीडिश राजमुकुटाच्या घडणीचे आहेत. ही नकल आज अस्सल पाच कोपेकपेक्षा कितीतरी महाग जाते. त्यामुळे १७८७ चं येकातेरिनबुर्ग हाती आलं की मुकुट बघितल्याशिवाय सोडू नका.

किंमत. तुमचं नाणं लाखांचं नाही. भंगार तर मुळीच नाही. झीज मध्यम, खालची छाप वाचता येण्याजोगी, टांकसाळ नेहमीची : अशा नाण्याचा भाव हजारांच्या घरात धरावा. त्याला ठरवणाऱ्या गोष्टी माझ्या मते अशा क्रमाने येतात. सर्वांत वर, खालची छाप किती वाचता येते. नुसती सावली असेल तर साध्या पाच कोपेकपेक्षा फार वर जात नाही. चार आकडी साल किंवा किमतीचे शब्द वाचता आले, तर खरेदीदारांत चुरस लागते. दोन्ही सालं स्पष्ट असतील तर त्याहून अधिक. मग टांकसाळ आणि साल यांची दुर्मिळता. आन्निन्स्कोये टांकसाळीची नाणी येकातेरिनबुर्गपेक्षा कमी भेटतात. मग झीज. इथे एक गंमत आहे : साध्या नाण्यात जोरदार, कोरीव छाप हवी असते, पण दुबार नाण्यात वरची छाप फार जोरात बसली तर खालची मिटते. म्हणून मानक दर्जा कमी असलेलं दुबार नाणं चांगल्या दर्जाच्या साध्या नाण्याला मागे टाकू शकतं. दर्जा देणाऱ्या कंपनीचं लेबल वाचून भाव ठरवणारे इथेच चुकतात.

पीटर तिसऱ्याचं दहा कोपेक, वर परत न छापलेलं, आणि १७९६ चं दहा कोपेक, ही दोन्ही पाच कोपेकपेक्षा बरीच वरच्या भावाची. दोन्ही सरकारने मागे घेऊन पुन्हा छापली, म्हणून कमी उरली.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे बघा, त्यांत लिलावगृहाचं कमिशन धरलं आहे की नाही तपासा, आणि किमान दहा-बारा नाण्यांचे फोटो आपल्या नाण्याशेजारी ठेवून तुलना करा. आणि एक कायद्याची बाब : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकतं आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. दर्जा ठरवायला अमेरिकेला पाठवायचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी लेखी विचारणा करा.

आता घासायचं का नाही ते. तुमच्या नाण्यावरच्या खालच्या छापेची उंची केसाएवढीही नाही. तांब्यावर दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी राप चेपलेल्या अक्षरांच्या काठाशी जरा गडद बसतो, आणि त्या गडद रेघेमुळेच तुम्हाला ९६ दिसलं. चिंचेतलं आम्ल तो राप पाच मिनिटांत खातं. देवघरातला तांब्या लखलखीत होतो तसं नाणं लखलखीत होईल, वरचे १७९३ राहील आणि खालचं १७९६ जाईल. माझ्याकडे असं घासून आणलेलं एक नाणं आहे, गुलाबी, चकचकीत. कडेच्या नक्षीवरून ते दुबार छापलेलं आहे हे कळतं, पण कशावर, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला, मऊ कापडाने टिपा, चोळू नका. पोपटी रंगाची भुकटी पडत असेल तर तेवढा भाग लाकडी काडीने हळू काढा आणि नाणं कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात तर अजिबात ठेवू नका, त्याने तांब्यावर हिरवा चिकटा येतो.

आणि वडिलांना ते नाणं कोणी, कुठल्या गावी, कोणत्या साली दिलं हे जेवढं आठवतं तेवढं कागदावर लिहून नाण्याच्या पाकिटात ठेवा. कडेचा व्हिडिओ आणि आडव्या उजेडातले फोटो पाठवलेत, तर खाली तिसरी छाप आहे का, ते आपण दोघं मिळून शोधू.